सोलापूरच्या माळावरची इंटर्नशिप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेजच्या परीक्षा संपत आल्या की आमच्याकडे फोन सुरू होतात. विद्यार्थ्यांचे असतात, पालकांचे असतात, कधी थेट प्राचार्यांचे. प्रश्न बहुतेक तेच, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली आहेत. सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान वृक्षारोपणाचा आणि सर्टिफिकेटचा प्रश्न वाचा. त्या दोन उत्तरांनंतरही यावंसं वाटलं तर बाकीचं आपोआप वाचाल.

तुमची संस्था नेमकं काय करते?

सोलापूर जिल्ह्यातले गवताळ माळ आणि शहराच्या आसपासचे तलाव, एवढंच आमचं कार्यक्षेत्र. माळावर कुठलं गवत, कुठले पक्षी-प्राणी, किती, कोणत्या महिन्यात, याच्या नोंदी ठेवतो. मेंढपाळ आणि शेतकऱ्यांशी बोलतो. तलावांचं पाणी तपासतो. शाळांमध्ये जातो. गावांच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांना लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडा-प्राण्यांची आणि त्यांबद्दल लोकांना असलेल्या माहितीची वही, तयार करायला मदत करतो. या समित्या २००२ च्या जैविक विविधता कायद्याने आल्या. कागदावर त्या गावोगाव आहेत. ज्या गावात म्हाताऱ्या माणसांना बोलतं केलंय तिथली नोंदवही वाचण्यासारखी होते, बाकी ठिकाणी एकाची नक्कल दुसऱ्याने केलेली आढळते.

आम्ही नोंदणीकृत सार्वजनिक न्यास आहोत. ऑफिस छोटं आहे, खुर्च्या कमी आहेत. इंटर्नला खुर्ची मिळेलच असं नाही.

वृक्षारोपण करायला मिळेल ना?

माळावर नाही. इथे बरेच जण फोन ठेवतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सोलापूर पर्जन्यछायेत येतं. वर्षाचा पाऊस साधारण पाचशे-सहाशे मिलिमीटर, तोही लहरी. जमीन मुरमाड, हातभर खणलं की कातळ लागतो. अशा जागी पिढ्यान्‌पिढ्या गवतच वाढत आलं आहे : पवन्या, मारवेल, कुसळी, आणि मधूनच एखादं हिवर, बोर किंवा खैर. या गवतावर काळवीट आणि ससे जगतात, टोळ जगतात. टोळांवर चंडोल, धाविक आणि माळटिटवी, त्यांच्या पिल्लांवर खोकडाचा, म्हणजे माळावरच्या छोट्या कोल्ह्याचा, डोळा, आणि या सगळ्यांच्या वर लांडगा. शिवाय मेंढरं आहेतच, तीही पूर्वापार.

सरकारी पडीक जमिनींच्या नकाशात मात्र यातला बराच माळ पडीक म्हणून रंगवलेला असतो. एकदा तो शिक्का बसला की ज्याला त्याला तिथे सुधारणा सुचते. कुणी गिरिपुष्प लावतं, कुणी निलगिरी, कुणी सोलरचे पॅनल उभे करतं. दाट लागवडीखाली गवत खुरटतं. ज्या पक्ष्यांना चहूबाजूंनी उघडं रान लागतं, शत्रू लांबूनच दिसावा लागतो, ते अशा जागी फिरकत नाहीत. खड्डे खणताना मुरुमाचा वरचा पातळ थर मोडतो तो वेगळाच, आणि मोडलेल्या जागी आधी गाजर गवत आणि वेडी बाभूळ हजर होते. फोटोत हिरवं दिसतं, एवढाच काय तो फायदा.

झाडं लावायची खरीच हौस असेल तर शहरात लावू. जुळे सोलापूर, होटगी रोड, एमआयडीसी, जागा आणि गरज दोन्ही भरपूर आहेत. कडुनिंब, करंज, वड, पिंपळ इथल्या उन्हाला पुरून उरतात. त्यासाठी इंटर्न व्हायची गरज नाही. फक्त जुलैत खड्डा खणायला येणाऱ्याने एप्रिलमध्ये पाणी घालायलाही यावं. जुलैत माणसं इतकी येतात की फावडी पुरत नाहीत. एप्रिलमध्ये आमचे आम्हीच असतो.

माळढोक दिसेल का?

बहुधा नाही. खोटी आशा दाखवून कुणाला बोलावणार नाही.

नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं. तेव्हा त्याचं क्षेत्र तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत पसरलेलं. गावंच्या गावं, बाजारपेठा, रस्ते त्या हद्दीत आले आणि जमिनीच्या व्यवहारांवरून लोकांचा रोष पक्ष्यावर निघाला. पुढे क्षेत्र घटवून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. मधल्या काळात बोअर आणि कालव्याचं पाणी आलं, माळ फोडून ऊस आणि द्राक्षं उभी राहिली. नान्नजची द्राक्षं तुम्ही खाल्ली असतील. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. कोरडवाहू जमिनीला पाणी मिळाल्यावर कुणीही तेच केलं असतं.

पक्ष्याची स्वतःचीही अडचण आहे. मादी बहुतेक वेळा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, घरटं न बांधता. एका भटक्या कुत्र्याने वर्षाचा हंगाम संपतो. नर पंधरा किलोपर्यंत भरतो. एवढं वजन घेऊन उडताना समोरची वीजवाहिनी उशिरा दिसते, कारण डोळे बाजूला असतात आणि नजर जमिनीवर असते. दिसली तरी वळायला सवड मिळत नाही. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०११ साली त्याला अतिसंकटग्रस्त ठरवलं. आज देशात उरलेले बहुतेक माळढोक राजस्थानात जैसलमेरकडे आहेत. आपल्याकडे एखादा दिसला तरी त्याची बातमी होते.

मग माळावर यायचं कशाला, असं काही जण विचारतात. माळढोकासाठी राखलेल्या गवतात बाकीचं सगळं अजून आहे, म्हणून. नोव्हेंबरच्या संध्याकाळी नान्नजच्या गवतात भोवत्या उतरताना पाहिले तर हा प्रश्न पडणार नाही. हे शिकारी पक्षी मध्य आशियाकडून येतात आणि रात्री झाडावर न बसता गवतात जमिनीवर झोपतात. सूर्य बुडायच्या सुमारास एकेक येतो, गवताच्या टोकांना पोट लागेल इतका खाली घिरट्या घालतो आणि अचानक दिसेनासा होतो. आपण फक्त मोजायचं. बोलायचं नाही, उठायचं नाही, डासाला मारायचंसुद्धा नाही.

रोजचं काम काय असतं?

चालणं आणि लिहिणं. ठरलेल्या रेषेवरून सकाळी उजाडताच चालायचं, दोन्ही बाजूंना काय दिसलं, किती अंतरावर, किती जण, हे वहीत टिपायचं. पावसाळ्यानंतर एक मीटर बाय एक मीटरची चौकट जमिनीवर ठेवून आतली गवतं ओळखायची आणि मोजायची. विष्ठा शोधायची, सुकवायची, काडीने उकलायची. खोकडाच्या विष्ठेत हिवाळ्यात बोराच्या बिया आणि भुंग्यांची चकचकीत पंखकवचं सापडतात. लांडग्याच्या विष्ठेत केस असतात आणि हाडांचे तुकडे. केस शेळीचे की काळविटाचे, हे सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. सुरुवातीला नाक मुरडणारेच पुढे डबी घेऊन सगळ्यांच्या आधी पळतात.

कुसळीशी ओळख पहिल्याच दिवशी होते. सप्टेंबर-ऑक्टोबरनंतर माळावरून परतलेला प्रत्येक जण पायमोजे काढून कुसळं वेचत बसतो. त्यातलं एक कुसळ टाकून देऊ नका. टोकाला अणकुचीदार बी आहे, मागे काळी शेपटी आहे. शेपटीवर पाण्याचा एक थेंब सोडा आणि बघा : पीळ सुटायला लागतो आणि सगळं कुसळ तळहातावर गोल फिरतं. वाळलं की पुन्हा पीळ बसतो. दिवसाचं ऊन आणि रात्रीचं दव यांवर फिरत फिरत हे बी गिरमिटासारखं जमिनीत शिरतं. तुमच्या पायमोज्यात शिरलं तेही असंच.

काही सकाळी काहीच दिसत नाही. तेव्हाही वहीत तारीख, वेळ, रेषेचा क्रमांक आणि शून्य लिहायचं. शून्य गाळलं तर पाच वर्षांनी कुणाला कळणार नाही की त्या दिवशी पक्षी नव्हते की तुम्ही नव्हता.

तलावाच्या कामात काय शिकायला मिळतं?

सिद्धेश्वर तलाव, कंबर तलाव आणि तुळजापूर रोडवरचा हिप्परगा तलाव, ही आमची नेहमीची ठिकाणं. कंबर तलावाला आता धर्मवीर संभाजी तलाव म्हणतात, पण पत्ता विचारताना कंबर तलावच म्हणा. पाण्याचा सामू (पीएच), क्षारता, पारदर्शकता आणि विरघळलेला ऑक्सिजन मोजतो. ऑक्सिजनची बाटली भरणं हीच एक कला आहे. बाटली पाण्याखाली धरून अशी भरायची की आत एकही बुडबुडा राहता कामा नये, बुडबुड्याने आकडा फसतो. काठावरच दोन रसायनं घालायची आणि बूच लावून बाटली उलटी-सुलटी करायची. तपकिरी साका आला तर पाण्यात ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर जवळपास नाही, आणि मग आजूबाजूला कुठला नाला येऊन मिळतोय ते शोधायला निघायचं. गणपती विसर्जनाच्या आधी आणि नंतर अशा दोन्ही वेळा नमुने घेतो.

जलपर्णी काढायची श्रमदानं होतात, त्यात यावंसं वाटलं तर या. मात्र सांडपाणी येत राहिलं तर जलपर्णीही परत येते, हे धरून चला.

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. ही १९८७ पासून दरवर्षी चालत आली आहे. हिप्परग्यावर पट्टकदंब, चक्रवाक, थापट्या यांसारखे पाहुणे मोजायला सकाळी थंडीत काठावर उभं राहावं लागतं. सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको, याच सुमारास गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, असतो. नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवसांत सिद्धेश्वर तलावाकडे दुर्बीण घेऊन जाण्यात हशील नाही, म्हणून तिथली मोजणी आधीच उरकतो. बाहेरगावच्या इंटर्ननी त्या दोन-तीन दिवसांत मुकाट्याने गड्डा बघून यावा.

कोणत्या शाखेचे विद्यार्थी येऊ शकतात?

कुठल्याही. प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, पर्यावरणशास्त्र यांचे विद्यार्थी जास्त येतात, पण काम फक्त त्यांचं नाही. भूगोलवाल्यांना नकाशे आणि क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर येतं. समाजकार्याच्या मुलांना लोकांशी बोलता येतं. कॉमर्सच्या एखाद्या मुलीने आमचे हिशेब नीट लावून दिले तर आम्ही तिला दुर्बीणही शिकवू. चित्रं काढणारे हवेत, कारण गवताची रेखाचित्रं फोटोपेक्षा बरी पडतात.

कन्नड किंवा तेलुगू येत असेल तर अर्जात ठळकपणे लिहा. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडच्या गावांत कन्नड बोललं की माणूस घोंगडं अंथरतो. शहराच्या पूर्व भागात शाळांचे कार्यक्रम घ्यायचे तर तेलुगू लागतंच. इंग्रजी कच्चं असेल तर काही बिघडत नाही.

कधी यावं आणि किती दिवस?

कमीत कमी दोन महिने. पंधरा दिवसांत गवतांची नावंसुद्धा पाठ होत नाहीत.

कॉलेजला सुट्टी मे महिन्यात असते म्हणून सगळ्यांना मे हवा असतो. आमच्या दृष्टीने तो सर्वांत अवघड महिना. पारा चाळिशीच्या वर, गवत वाळून भुईला टेकलेलं, सकाळी नऊनंतर माळावर उभं राहवत नाही. मे महिन्याची एकच मोठी गंमत म्हणजे बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखात्याची पाणवठ्यावरची प्राणिगणना. चंद्राच्या उजेडात मचाणावर बसून रात्रभर कोण कोण पाणी प्यायला येतं ते टिपायचं. तिथे जागा मोजक्या असतात आणि निवड वनखातं करतं.

खरं पाहायचं तर जुलै ते ऑक्टोबरमध्ये या. पाऊस पडला की आठवड्यात माळ हिरवा होतो, चंडोल हवेत उंच जाऊन गातात, जमिनीवर घरटी असतात, पाऊल जपून टाकावं लागतं. किंवा नोव्हेंबर ते फेब्रुवारी : पाहुणे पक्षी, थंडी आणि ज्वारीच्या रानातला हुरडा. हुरडा कामाचा भाग नाही, पण तो चुकल्याचं आठवत नाही.

श्रेयांक (क्रेडिट) मिळतात का?

तुमच्या विद्यापीठाने मान्य केले तर मिळतात. नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्ट, ऑन जॉब ट्रेनिंग, सामुदायिक सहभाग असे भाग आले आहेत. श्रेयांकाचा हिशेब साधारण एका श्रेयांकाला तीस तास असा धरतात, म्हणजे चार श्रेयांकांना एकशेवीस तास. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या कॉलेजांमधले विद्यार्थी आमच्याकडे अशा कामासाठी येतात. येण्याआधी विभागप्रमुखांचं पत्र आणि तासांच्या नोंदीचा नमुना आणा. काम झाल्यावर मागच्या तारखांची हजेरी आम्ही भरून देत नाही, मार्गदर्शक सरांनी फोन केला तरी.

मानधन मिळतं का?

पहिल्या दोन महिन्यांसाठी नाही. प्रवासखर्च आणि माळावरच्या दिवसाचं जेवण मिळतं. त्यापुढे थांबणाऱ्यांना, त्या वर्षी एखाद्या कंपनीचा सीएसआर (सामाजिक कामासाठीचा) निधी आलेला असेल तर, थोडं मानधन देतो. आकडा मुलाखतीतच सांगतो, नंतर फिरवत नाही. आम्ही इंटर्नकडून फी घेत नाही. कुणी आमच्या नावाने इंटर्नशिपसाठी पैसे मागितले तर देऊ नका आणि आम्हाला कळवा.

येणं जमणार नाही, पण सर्टिफिकेट मिळेल का?

नाही.

बाहेरगावाहून येतोय. राहायची सोय?

आमचं वसतिगृह नाही. शहरात खोली किंवा पेइंग गेस्ट शोधायला मदत करतो. माळावर जायच्या दिवशी गाडी पहाटे सात रस्त्यावरून निघते. चुकली तर बार्शीकडे जाणारी एसटी पकडा, नान्नज त्याच रस्त्यावर वीसेक किलोमीटरवर आहे. पण एसटीने पोचेपर्यंत चंडोलांचं गाणं संपलेलं असतं.

मुलीला पाठवावं का? तिथे सुरक्षित आहे का?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक आई-वडील विचारतात, आणि विचारायलाच हवा. मुलगा असो वा मुलगी, माळावर कुणीही एकटं जात नाही. प्रत्येक गटासोबत त्या गावचा माहितगार माणूस असतो. भोवत्यांच्या मोजणीसारखं काम सोडलं तर अंधार पडायच्या आत सगळे परततात, आणि उशीर होतो त्या दिवशी मुलींना घरापर्यंत सोडतो. गटाची यादी आणि फोन नंबर ऑफिसात असतात, गाडी कुठवर आली हे पालक केव्हाही विचारू शकतात.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थी आणि स्वयंसेवकांनाही लागू होतो. आमची अंतर्गत समिती आहे. तिच्या सदस्यांची नावं पहिल्या दिवशी लेखी देतो. तुम्ही दुसऱ्या कुठल्या संस्थेत मुलीला पाठवत असाल तरी हे विचारून घ्या. जिथे उत्तर चाचरत येतं तिथे पाठवू नका.

शौचालयाची अडचण मात्र खरी आहे. नान्नजला आणि काही गावांत सोय आहे, माळावर नाही. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

साप आणि लांडगे?

लांडग्याची भीती मनातून काढून टाका. तो तुम्हाला पाहून केव्हाच निघून गेलेला असतो. तुमच्या वाट्याला त्याची पाठ आली तरी ते नशीब. सापांचं तसं नाही. घोणस, फुरसं, नाग आणि मण्यार हे चारही विषारी साप आपल्या भागात आहेत. घोटे झाकणारे बूट, पूर्ण पँट, दगड हाताने न उचलणं आणि काळोखात टॉर्च, हे नियम न पाळणारा गाडीतच बसून राहतो. दंश झालाच तर करकचून बांधणं, चिरा देणं, मांत्रिकाकडे नेणं यातलं काहीही करायचं नाही. हातपाय हलू न देता १०८ ला फोन आणि थेट सिव्हिल हॉस्पिटल.

आमच्या अनुभवात मात्र सापापेक्षा ऊन जास्त जणांना आडवं करतं. सकाळी उपाशीपोटी येणारे सगळ्यात आधी चक्कर येऊन बसतात.

सोबत काय आणावं?

मातकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, टोपी, दोन लिटर पाणी, वही आणि पेन्सिल. पेन नको, घामाने शाई फुटते. जाळीचे स्पोर्ट्स शूज घालू नका, कुसळं आरपार जातात. डब्यात भात-वरण आणलं तर दुपारपर्यंत आंबतं. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि गूळ यांना तोड नाही. दुर्बीण आमच्याकडे आहे.

अभयारण्यात हवं तिथे फिरता येतं का?

नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे अभयारण्यात जायला परवाना लागतो, आणि संशोधनासाठीची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकांकडून नागपूरहून येते. तिला वेळ लागतो. म्हणून इंटर्न त्या हद्दीबाहेरचे माळ आणि गायरानं पाहतात, किंवा आमच्या चालू परवानगीत नाव घालता आलं तर आत येतात. वनरक्षकांशी सलोख्याने वागा. एवढा पसारा दोन-चार माणसांनी सांभाळायचा म्हणजे काय, ते त्यांच्यासोबत एक दिवस फिरलात की कळेल.

फोटो, रील, ड्रोन?

फोटो काढा. घरट्याचे आणि लांडग्याच्या बिळाचे काढू नका. हिवाळ्यात बिळात पिल्लं असतात आणि एका रीलमागून रविवारी दहा गाड्या येतात. ठिकाण दाखवणारी कुठलीही पोस्ट नको. ड्रोन अजिबात नाही. हे पटत नसेल तर आपलं जमणार नाही.

मेंढपाळ आणि शेतकऱ्यांशी काय बोलायचं?

आधी ऐकायचं. राम राम मामा, कुठला वाडा (म्हणजे मेंढरांचा तळ), यंदा पाऊस कसा, मेंढरं किती व्याली, इथून सुरुवात. प्रश्नावली पिशवीतच राहू द्या. चहा आला तर नाही म्हणू नका. लांडग्याने काय नेलं हे ते स्वतःहून सांगतील, आणि सांगताना त्यांच्या आवाजात राग असेलच असं नाही. लांडगा मेंढरावर आला तर तो आपला वाटा घेतो, असं म्हणणारे जुने धनगर अजून भेटतात. नवी पिढी तसं म्हणत नाही, आणि तिचं चुकतं असं इंटर्नने ठरवू नये. एका रात्रीत चार कोकरं गेली तर घरात काय होतं ते आधी विचारावं. वनखात्याकडून भरपाई मिळते, पण त्यासाठी लगेच कळवून पंचनामा व्हावा लागतो. तोवर वाडा पुढे गेलेला असतो. अर्ज भरून द्यायला आणि सोबत रेंज ऑफिसला जायला इंटर्न उपयोगी पडतात, आणि हे काम आम्ही पक्षी मोजण्याइतकंच मोलाचं धरतो.

शेतातून जाताना बांधावरूनच चाला. उभ्या ज्वारीत पाय घालणाऱ्याला गावात परत कुणी उभं करत नाही.

अहवाल इंग्रजीतच हवा का?

मराठीत चालतो, उलट बरा होतो. गावाचं नाव काढलं आणि दुसरं घातलं तरी तसाच राहील असा अहवाल परत करतो. संगणकाकडून लिहून घेतलेला ओळखू येतो, कारण त्यात कुणालाच ऊन लागलेलं नसतं. मूळ वही आमच्याकडे जमा करावी लागते, तिची झेरॉक्स तुमच्याकडे राहते. नोंदी पुढे कुठे वापरल्या तर तुमचं नाव जातं.

पुढे नोकरी लागते का?

हमी नाही. या क्षेत्रात पगार बेताचे असतात, कंत्राटं वर्षा-दोन वर्षांची. आमच्याकडे येऊन गेलेल्यांपैकी काही जण शिक्षक झाले, काही बँकेत आहेत, काही स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत. ज्यांना यातच राहायचं आहे त्यांनी डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, मुंबईची बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी), पुण्याचं भारती विद्यापीठाचं पर्यावरण केंद्र यांच्या अभ्यासक्रमांची चौकशी करावी. एमपीएससीतून महाराष्ट्र वनसेवेचा रस्ता आहे. तिथल्या मुलाखतीत माळरानावर प्रश्न आला तर तुम्ही नुसतं पुस्तकातलं सांगणार नाही, एवढं आम्ही म्हणू शकतो.

अर्ज कसा करायचा?

एक पानाचं पत्र, हाताने लिहिलेलं चालेल. तुमच्या घराजवळचं एखादं झाड, नाला, डबकं किंवा मोकळी जागा घ्या, तिथे अर्धा तास बसा आणि काय दिसलं ते लिहा. निसर्गावर प्रेम वगैरे नको, ते सगळेच लिहितात. सोबत कॉलेजचं पत्र आणि आधारची प्रत. अठरा वर्षं पूर्ण नसतील तर पालकांचं संमतीपत्र. निवड झाली तर पहिली भेट माळावरच होते, पहाटे.

निवड झाली नाही तर?

जागा कमी असतात, त्यामुळे चांगले अर्जही परत जातात. जानेवारीच्या पाणपक्षी गणनेला निवड लागत नाही, आदल्या आठवड्यात नाव कळवलं की झालं. फेब्रुवारीत परसबागेतल्या पक्ष्यांची जागतिक मोजणी असते, ती तर तुमच्या गच्चीवरून होते. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर खातं उघडा आणि महिनाभर रोज एकाच जागेची यादी करा. पुढच्या वेळी अर्जासोबत ती यादी जोडा. आम्ही पत्राच्या आधी तीच वाचतो.